सुवर्णपदकाचं हरीण

पबच्या भिंतीवर हरणाची शिंगं दिसली की मावशी खुर्चीत बसायच्या आधीच तिकडे हनुवटी उडवत आणि बारमागच्या माणसाला विचारत, "याचं मटण कोणी खाल्लं?" त्याला ते माहीत नसे. मग त्या अगदी समाधानाने बसत.

मी तेव्हा बेसिंगस्टोकला सॉफ्टवेअरची नोकरी करत होतो. मावशी गणपतीत भेटल्या. मूळच्या नागपूरच्या. नर्स म्हणून इंग्लंडला आल्या आणि एका गोऱ्या गेमकीपरशी, म्हणजे शिकारीच्या जंगलाच्या राखणदाराशी, लग्न करून गावाबाहेरच्या जंगलाकाठी राहिल्या. रायफल नवऱ्यानेच शिकवली. तो वारल्यावरही जमीनमालकाने तिथल्या शिकारीची परवानगी फक्त त्यांच्याकडेच ठेवली होती.

शिकाऱ्याचं घर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे भिंतभर शिंगं येत असतील. मावशींच्या भिंतीवर एकही नव्हतं. हरीण मारायचं ते संख्या आटोक्यात ठेवायला आणि फ्रीझर भरायला. शिंगं तोलून, पाण्यात बुडवून त्यांना गुण देणारे क्लब आणि त्यांची रेकॉर्डबुकं यांचा त्यांना मनस्वी राग.

"नवरा म्हणायचा, मोजल्याने हरणांची तब्येत कळते," त्या मला म्हणाल्या. "तब्येतच बघायची तर माद्या का नाही रे मोजत?"

या जंगलात रो नावाच्या लहानखुऱ्या हरणांच्या जातीचा एक नर होता. लहानपणी कुंपणाच्या तारेत डोकं अडकून त्याच्या डाव्या शिंगाच्या मुळाला इजा झाली होती. रो नराची शिंगं दर हिवाळ्यात गळतात आणि नवी येतात. याचं डावं शिंग दरवर्षी तसंच बाहेर वाकून यायचं, मागे एक जादा टोक घेऊन. मावशींचा नवरा गळलेली शिंगं शोधून आणायचा आणि म्हणायचा, "याला म्हातारा होऊ दे." आजारपणात, खिडकीशी खुर्ची ओढून तो त्याचीच वाट बघायचा. नवरा गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात तो नर दिसेनासा झाला.

पुढच्या वर्षी मी मावशींबरोबर एका जत्रेला गेलो. शेतकरी, कुत्री, बंदुका यांची जत्रा. तिथे एका शिकारी क्लबच्या तंबूत त्याच नराचं डोकं ठेवलं होतं, नुसती कवटी आणि शिंगं. डावं शिंग बाहेर वाकलेलं, मागे जादा टोक. खाली सुवर्णपदकाची चिठ्ठी आणि क्लबच्या चेअरमनचं नाव. हा माणूस मावशींच्या नवऱ्याचा पाहुणा म्हणून पूर्वी या जंगलात येऊन गेला होता.

मावशींनी आवाज चढवला नाही. बाहेर येऊन चहा घेतला.

"पोलिसात जाऊ या," मी म्हणालो.

"दंड भरून सुटेल. मला त्याला त्याच्याच माणसांत उघडा पाडायचाय."

क्लबचं वार्षिक जेवण एका हॉटेलात होतं. मावशींनी दोन तिकिटं काढली. गर्द हिरवी पैठणी, हातात मोठी पर्स. मी माझ्या एकुलत्या एक सुटात. चेअरमनने ते डोकं समोरच्या टेबलावर मांडून पदक स्वीकारलं आणि आपण किती धीराने त्या नराचा माग काढला ते रंगवून सांगितलं. मावशी उठल्या.

"कुठे मारलात हा?"

"माझ्या स्वतःच्या जमिनीवर, मॅडम."

मावशी पुढे गेल्या. पर्समधून त्यांनी गळलेल्या शिंगांच्या जोड्या काढल्या आणि त्या डोक्याशेजारी ओळीने मांडल्या. "हा दर हिवाळ्यात माझ्या दाराशी शिंगं टाकायचा," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे फक्त मरायला आला का?"

त्या खोलीतल्या प्रत्येकाचं आयुष्य शिंगं बघण्यात गेलं होतं. कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. क्लबचा म्हातारा मोजणीदार उठला, एकेक शिंग उचलून त्याने चेअरमनच्या तोंडाकडे पाहिलं आणि पदक काढून स्वतःच्या खिशात टाकलं. मावशी जागेवर येऊन बसल्या आणि उरलेलं पुडिंग त्यांनी चवीने संपवलं. मीही. इतकं गोड पुडिंग मी नंतर कधी खाल्लं नाही.

चेअरमनपद गेलं, रेकॉर्डमधलं नाव गेलं. काही आठवड्यांनी तो ते डोकं घेऊन मावशींच्या दारात आला. माफी मागू लागला.

"उचला," मावशी म्हणाल्या. त्याच्या चकचकीत बुटांनिशी त्यांनी त्याला चिखलातून जंगलात नेलं, मी मागोमाग. जिथे नवऱ्याची राख टाकली होती त्या बीच जातीच्या झाडाखाली त्याला गुडघे टेकून ते डोकं ठेवायला लावलं. "आता हे खारी खातील," त्या म्हणाल्या. "जा."

खारी खरंच शिंगं कुरतडतात. मी गेलो की मावशी मला तिकडे नेत आणि किती झिजलं ते दाखवत. "अजून उरलंय," म्हणत, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. रागाचं की नवऱ्याच्या आठवणीचं, मी विचारलं नाही.

पुढे त्या आजारी पडल्या आणि एडिनबराला मुलीकडे गेल्या. एका शनिवारी मुलीचा फोन आला, तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत. "आई हॉस्पिटलमध्ये आहे. सारखा विचारते, किती उरला? कसला ते शी वोन्ट टेल मी."

मी गाडी काढली. बीचखाली पाचोळा बाजूला केला. कवटी गेली होती, टोकं गेली होती. अंगठ्याएवढा एक तुकडा उरला होता. मी तो टाचेने चिखलात दाबला आणि तिथूनच फोन लावला.

"आईला सांग, काहीच उरलं नाही."

पलीकडे मुलीने ते सांगितलेलं ऐकू आलं. मग कोणीतरी हसलं, कोरडं, दमलेलं आणि अगदी पोटभर. मावशींचा मी ऐकलेला शेवटचा आवाज तो.