चुका करून दाखवण्याचं काम

सिनेमात काम केलंय म्हटलं की लोक कौतुकाने खुर्ची पुढे सरकवतात. कसला सिनेमा ते सांगितलं की तीच खुर्ची हळूच मागे जाते. नवशिक्यांना चपला शिवायला शिकवणारी फिल्म होती ती, आणि तिच्यात माझं काम होतं चुका करायचं. हे सगळं सांगायचा आता कंटाळा येतो. पण कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून एकदाचं सांगून टाकते.

दुष्काळाची सालं होती. गावोगाव जनावरं मरत होती, कातड्याचे ढीग पडत होते आणि माणसं खडी फोडायला जात होती. कातडं आहे, रिकामे हात आहेत, तर लोकांना चामड्याचं काम शिकवावं असं वर कुणाच्या तरी डोक्यात आलं. शिकवणारे थोडे आणि गावं फार, म्हणून फिल्म काढायची आणि ती गाडीतून फिरवून दाखवायची. संगमनेरात तसलं काम शिकवणारं एक केंद्र होतं. तिथे फिल्म काढायचं ठरलं.

आमचं दुकान संगमनेरातच, पेठेच्या टोकाला होतं. दुकान म्हणजे एक फळी, वर पत्रा आणि मागे गोणपाटाचा पडदा. आबा, म्हणजे माझे वडील, तिथे फळीवर बसून चपला शिवायचे. त्यांना मुलगा नव्हता. माझं सासर सुटलं होतं आणि मी माहेरी परत आले होते. का सुटलं ते सांगत बसले तर हे राहून जाईल. आमच्यात बाया दोऱ्याला मेण लावत, रंग देत, फार तर बंद शिवत. रापी हातात धरून तळ कापायचा तो पुरुषांनीच. आबांनी मात्र मला सगळं शिकवलं. त्यांच्या डोळ्यांत वडस वाढत चालली होती. त्यांना समोरचं पुसट दिसायचं आणि आपल्यामागे या पोरीने फळीवर बसून दुकान चालवावं एवढंच त्यांच्या मनात होतं.

गिऱ्हाइकांच्या मनात ते नव्हतं. बाईने कापलेला तळ पायात घालायला लोक तयार नव्हते. तोंडावर कुणी वाईट बोलायचं नाही. "आबा न्हाईत व्हय? मग येतो बाजारच्या दिवशी," एवढंच म्हणायचे आणि जायचे. त्या "येतो" चा मला इतका वीट आला होता की कधी कधी हातातली हातोडी भिरकावून द्यावीशी वाटे.

म्हणून फिल्मवाले एक शिकाऊ कारागीर शोधतायत हे कळल्यावर आबाच माझ्या मागे लागले. "एकदा पडद्यावर दिसलीस म्हंजे लोकांची तोंडं बंद व्हतील बग," ते म्हणाले. मलाही ते पटलं. पटलं म्हणजे काय, दुसरं काही सुचत नव्हतं.

केंद्रातले मास्तर शहरात शिकून आलेले, टेबलापाशी बसून काम करणारे. माणूस भला होता. त्यांचे हात गोरे, नखं स्वच्छ, काम सावकाश. कॅमेऱ्याला आणखी काय हवं? बरोबर काम कसं करायचं ते त्यांचे हात दाखवणार होते. चुकीचं कसं होतं ते कोण दाखवणार हा प्रश्न होता. मास्तरांनी चुकणं शोभलं नसतं. केंद्रातली मुलं चुकायची पुष्कळ, पण सांगितलेल्या जागी चुकायची नाहीत. कॅमेरा सुरू झाला की नेमकं बरोबर करून मोकळी व्हायची.

चष्मेवाले साहेब फिल्मचे मुख्य. त्यांनी माझ्या हातात आरी दिली आणि म्हणाले, "भोक तिरपं पाडून दाखवा." मी पाडलं. "आता आणखी थोडं तिरपं, आणि जरा सावकाश." मी तसंही पाडलं. ते खूश झाले. "बाई, तुम्हाला चुकता फार छान येतं," म्हणाले. कौतुक होतं ते, पण घशाखाली उतरेना.

चूक करणं सोपं वाटतं. ती दिव्याच्या उजेडात, कॅमेऱ्याकडे तोंड करून, हात मध्ये न आणता करायची म्हणजे काय ते करणाऱ्यालाच कळतं. जनावराच्या पाठीचं कातडं सोडून पोटाच्या कातड्याचा पट्टा कापायचा आणि तो ताणून लोंबतो ते दाखवायचं. तळ पाण्याच्या कुंडीत नको इतका भिजवायचा, मग तो उन्हात वाकडा होतो ते दाखवायचं. दोऱ्याला मेण न लावता टाका घालायचा, तो तुटला पाहिजे, पण साहेबांनी हात वर केल्यावरच तुटला पाहिजे. वर त्या दिव्यांची धग. संध्याकाळी घरी गेले की डोकं भणभणायचं आणि भाकरी थापायचंही जिवावर यायचं.

मास्तरांचे फक्त हात घेत होते. माझं तोंडही घेत होते, कारण चूक झाल्यावर नवशिका कसा ओशाळतो ते दिसायला हवं होतं. "जरा जीभ चावा," साहेब सांगायचे. मी जीभ चावायची. चांगलं कातडं असं नासताना मला खरंच वाईट वाटायचं, पण ते वाईट वाटणं त्यांना पुरेसं दिसत नव्हतं.

एकदा मी विचारलं, "साहेब, मी साऱ्या फिल्मभर चुकतच राहनार का?" ते हसले. म्हणाले, शेवटी तुम्ही अख्खी चप्पल बरोबर करून दाखवायची, शिकाऊ माणूस शिकला हे दाखवल्याशिवाय फिल्म पुरी कशी होईल? मी घरी येऊन आबांना तसंच सांगितलं. आबांनी स्वतः कातडं निवडलं, डोळ्यांजवळ धरून, बोटांनी चाचपून. शेवटच्या दिवशी मी ती चप्पल करायला घेतली. साहेब, मास्तर, मुलं सगळे भोवती उभे होते. तळ कापून झाला, पट्टे बसले, आणि पहिला टाका घालायच्या आत कॅमेऱ्याचं रीळ संपलं. जवळ दुसरं नव्हतं. साहेब म्हणाले, आठवड्याभरात येऊन एवढं घेऊन जाऊ. सामान जीपमध्ये भरून ते गेले. मी चप्पल पुरी केली, कुणी बघत नव्हतं तरी.

ते काही आले नाहीत. आली ती एकदम फिल्मच.

पेठेजवळच्या मोकळ्या जागेत पांढरा पडदा लावला होता. दिवस मावळताच गर्दी झाली. आबा माझा दंड धरून पुढे जाऊन बसले. पडद्यावर मास्तरांचे हात आले, मोठे, स्वच्छ, आणि पाठोपाठ माझं तोंड आलं. ओळखीचं माणूस बघून लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पडद्यामागून कुणा पुरुषाचा भारदस्त आवाज म्हणाला, "आता या नवशिक्या कारागिराची चूक पाहा." मी आरी तिरपी घातली आणि जीभ चावली. लोक हसले. पट्टा लोंबला, पुन्हा हसले. टाका तुटला तेव्हा तर पोरं उड्याच मारायला लागली. आबांना पडद्यावरचं काही दिसत नव्हतं, नुसता उजेड दिसत असावा. पण तो आवाज सारखा "चूक, चूक" म्हणत होता आणि ते त्यांना नीट ऐकू येत होतं.

"श्येवट झाला का?" त्यांनी विचारलं.

"झाला, आबा."

"आपली चप्पल?"

"न्हाई दाखिवली."

घरी येईपर्यंत ते माझा दंड घट्ट धरून होते. मला त्या रात्री रडू आलं नाही, फक्त झोपून राहावंसं वाटत होतं, पुढचे काही महिने.

त्यानंतर दुकानात मी नुसती रापी हातात घेतली तरी गिऱ्हाईक घाबरायचं. आधी "येतो" म्हणायचे ते आता हसून म्हणायचे, "बाई, जीभ चावू नगंस बरं का." फिल्मची गाडी पार अकोले तालुक्याच्या डोंगरात जाऊन आली. मी राजूरच्या बाजारात कातडं बघायला गेले, तर एक म्हातारी मला निरखून शेजारणीला म्हणाली, "तीच न्हवं का गं, टाका तोडनारी?" एवढी प्रसिद्धी पेठेत दुसऱ्या कुणाला मिळाली नसेल.

पोट तर भरायला हवं. शेवटी आबाच म्हणाले, मी म्होरं बसतो, तू पडद्यामागं काम कर. तेव्हापासून आबा फळीवर आरी आणि एक उलटा तळ घेऊन बसायचे. गोणपाटामागे मी कापायचे, शिवायचे, ठोकायचे. चप्पल झाली की आबांच्या हातात द्यायचे. ते अंगठ्याने एकेक टाका चाचपायचे, मान हलवायचे आणि गिऱ्हाइकाला द्यायचे. त्यांची नजर जात राहिली आणि नाव वाढत राहिलं. एवढ्या वयात काय हात चालतो म्हाताऱ्याचा, असं लोक म्हणायचे आणि लांबून लांबून यायचे.

आबांना हे सोसायचं नाही. मध्येच ते मोठ्याने गिऱ्हाइकाला सांगायचे, "म्या न्हाई केली, माझ्या पोरीनं केलीया." लोक हसायचे. लेकीवर किती जीव आहे बघा, म्हणायचे. पुढे पुढे आबांनी सांगायचं सोडलं. मीही पडद्यामागे उकाड्यात बसून ऐकायचं सोडलं. सरावाने तसं करता येतं.

आबा गेले. दिवसकार्य आटोपून मी फळीवर येऊन बसले, पडद्यापुढे. दुकान मांडून ठेवलेलं, सगळ्या चपला माझ्याच हातच्या. लोक यायचे, हळहळायचे, "आता तशी चप्पल न्हाई व्हायाची," म्हणायचे आणि पुढच्या दुकानात जायचे.

एके दिवशी आमचं एक जुनं गिऱ्हाईक आलं. खेड्यावरचा शेतकरी, मनाने चांगला, आबांच्या मातीलाही आला होता. त्याने पायातली चप्पल काढून माझ्यापुढे ठेवली. पट्ट्याजवळचे दोन टाके सुटले होते. गेल्या दिवाळीत मी त्या चपलेपायी डोळे फोडले होते, तिचा टाकान्‌टाका मला आठवत होता.

"लई हात लावू नगंस," तो म्हणाला. "म्हाताऱ्याचं काम हाय. नुसतं दोन टाके मार."

"दादा, ही मीच केलीया," मी म्हणाले. खरं तर बोलणार नव्हते. तोंडातून गेलं.

तो माझ्याकडे बघून मायेने हसला. "आसं म्हनू नगं, बाई. बापाचं पुन्य बापाकडं ऱ्हाऊ दे."

मी दोऱ्याला मेण लावलं आणि दोन टाके घातले, जसे आधी घातले होते तसेच. त्याने चप्पल उचलली, उजेडाकडे धरली आणि बराच वेळ उलटसुलट बघितली.

"बग," तो बोट ठेवून म्हणाला, "हा त्यांचा आन हा तुझा. आंधळ्यालाबी फरक कळंल."

मी "व्हय" म्हणाले.