सुरीचा टवका

आमच्या रियाधच्या घरातल्या जपानी सुरीच्या धारेला, टोकाच्या जरा अलीकडे, टवका उडालाय. नवरा ऑफिसच्या कामाने पुन्हा जपानला निघाला, तेव्हा त्याने ती टॉवेलात गुंडाळून बॅगेत भरली. ज्या लोहाराने हाताने घडवली, त्याच्याचकडून धार सारखी करून आणणार म्हणे. मी म्हटलं, "सुरी कुठेही जाणार नाही."

तो टवका माझ्या आईने पाडलाय.

ती व्हिजिट व्हिसावर आली, तेव्हा लोणच्यांनीच बॅग भरली आणि विळी घरीच राहिली. विमानतळापासून तिची हळहळ सुरू. नवऱ्याने कौतुकाने ही सुरी पुढे केली. आईने हात मागे घेतला. "जावईबापू, सुरी हातात देऊ नये, भांडणं होतात. खाली ठेवा, मी उचलते." त्याने ओट्यावर ठेवली आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

जन्मभर तिने पात्याकडे भाजी नेली, आता पातं भाजीकडे न्यायचं. "सगळं उलटंच तुमचं," म्हणत ती फरशीवर पेपर पसरून बसायची. पण मेथी अशी चिरू लागली, की मी कामधाम सोडून बघत राही. मग नारळ आला. खवणी नाही, म्हणून बाईसाहेबांनी करवंटीतलं खोबरं उचकटायला सुरी खुपसली. कट्. नवऱ्याचा चेहरा पडला, तरी म्हणाला, "असू दे हो आई." ती मात्र रोज खिडकीतून खाली बघत विचारायची, "इथे धारवाला येत नाही का गं?" खाली रस्त्यावर नुसत्या गाड्या. मला हसू यायचं.

घरी परतली आणि पुढच्याच वर्षी गेली. साड्या वहिनीकडे, विळी भावाकडे. माझ्याकडे हा टवका.

"अगं, टवक्यापाशी कांद्याच्या फोडी सुटत नाहीत," नवरा म्हणाला.

"मी सोडवीन हाताने. तुला काय त्रास?"

"त्यांनाच वाईट वाटत होतं ना त्याचं? नीट केलेली आवडली असती."

मला रडूच आलं, आणि आलं याचा रागही आला.

त्याने बॅग उघडली, टॉवेल सोडला. मी हात पुढे केला. त्याने दिली नाही. ओट्यावर ठेवली, बाजूला सरकला आणि म्हणाला, "उचल."