काटा लाल पट्ट्यात, अन् म्हणे गॅस भरा

दाबाच्या गेजचा काटा लाल पट्ट्यात होता आणि सोसायटीचे चेअरमन मला गॅस भरायला सांगत होते.

"दूध थंड होईना म्हंजे गॅसच संपला, इंजिनिअरसाहेब. दर उन्हाळ्याला असंच होतंय."

मी दूध थंड करणाऱ्या अमोनिया गॅसच्या प्लँटचा सर्व्हिस इंजिनिअर. शिरूर कासारकडची ही दूध सोसायटी माझ्याकडे होती. टाकीत सकाळचं दूध कोमट पडलेलं. कॉम्प्रेसर सुरू केला की जरा वेळानं आपोआप बंद पडायचा. दुपारी दूध संघाचा टँकर येणार होता आणि आंबलेलं दूध तो घेत नाही. दुष्काळात रानं उघडी पडली होती. बहुतेक घरं या दुधावरच चालली होती.

गॅस संपला असता तर काटा खाली गेला असता, वर नाही. हे मी आधीच्या उन्हाळ्यातही सांगितलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी! तरी पुन्हा सांगितलं. सायकलला हवा भरताना पंप तापतो ना? वायू दाबला की तापतो. कॉम्प्रेसर अमोनिया असाच दाबतो आणि कंडेन्सरच्या पाइपांत ढकलतो. त्या पाइपांवर पाण्याची धार असते. पाणी उष्णता घेऊन जातं आणि दाबलेल्या वायूचा द्रव होतो. पुढं दाब कमी केला की तो द्रव उकळतो आणि उकळायला लागणारी उष्णता दुधातून ओढतो. पाइपांवर पाणीच नसेल तर वायूचा द्रव होत नाही. जागा तेवढीच, वायू तापलेला, मग दाब चढणारच. फार चढला की कटआउट कॉम्प्रेसर बंद करतो, नाहीतर पाइप फुटायचा. अशात गॅस भरायचा म्हणजे गच्च भरलेल्या जीपमध्ये आणखी चार माणसं कोंबायची.

चेअरमननी सगळं शांतपणे ऐकलं.

"बरोबर हाय तुमचं. पण थोडा तरी भरा."

माझं डोकं फिरलं. मी तडक कंडेन्सरकडे गेलो. खालच्या टाकीत गाळ आणि तळाशी उरलेलं थोडं पाणी, पाइपांवर पाणी चढवणारा पंप कोरडाच फिरत होता. ऑपरेटर रंगनाथ म्हणाला, सकाळीच पाण्याचा टँकर ओतलाय. मग पाणी गेलं कुठं?

उत्तर समोरूनच आलं. दूध घालणारी गयाबाई आपला रिकामा कॅन घेऊन टाकीपाशी आली आणि तळाच्या नळाखाली तो लावून बसली. दूध घालून कॅन रिकामा न्यायचा नाही, जनावरांसाठी पाण्यानं भरून न्यायचा, असा रिवाजच पडला होता. सोसायटीच्या निवडणुकीआधी चेअरमननीच मुभा दिलेली.

"मला कधी बोलला नाहीस," मी रंगनाथवर ओरडलो.

"तुमी गॅसचं बघता, सायेब. पाण्याचं तुमाला काहून सांगावं?"

आता कुणाकुणावर चिडायचं? मी गयाबाईला म्हणालो, बाई, हे पाणी नेलंत तर तुमचंच दूध नासेल. तिचा नवरा ऊसतोडीवरून अजून परतला नव्हता. घरी ती आणि दोन गाई. तिनं मान वर केली.

"अन् न्हाई नेलं तर गाय दूध कुठनं देईल?"

मी नळ बंद केला आणि फाटकाकडे गेलो.

चेअरमनच्या मोसंबीच्या बागेकडे निघालेला पाण्याचा टँकर मी सोसायटीत वळवायला लावला. त्यांचं तोंड मोसंबी सोलून खाताना कडू बी लागावं तसं झालं, पण वळवला. त्याचा पाइप कंडेन्सरच्या वर धरला. पाणी पाइपांवरून खाली टाकीत. तळाचा नळ काढून भोक बुजवलं आणि तोच नळ वरच्या अंगाला बसवला. पंपापुरतं पाणी टाकीतच राहणार, त्याच्या वर चढेल ते कॅनमध्ये. कोमट असेल, पण गाय पिते.

काटा हळूहळू उतरला. संघाचा टँकर आला तोवर दूध थंड झालं होतं. घेतलं त्यांनी. गयाबाईला अर्धा कॅन पाणी मिळालं, तिच्या मागच्यांना काहीच नाही. शिव्या मला पडल्या. चेअरमननी बाहेर जाऊन सभासदांना सांगितलं, इंजिनिअरनं गॅस भरला, प्लँट सुरू झाला.

तेव्हापासून दुष्काळात कुठल्याही प्लँटवर गेलो की गेज नंतर बघतो. आधी फाटकाशी उभा राहतो आणि दूध घालून परत जाणाऱ्याचा कॅन उचलून बघतो, जड लागतो का.