टुंड्रातला माड

राणेबाई कुणालाही भेटल्या की "कसे आहात?" विचारत नसत. "ऊन किती? पाणी किती?" एवढंच. भाईंदर पूर्वेत नवा फ्लॅट घेतलेला माणूस दुसऱ्या प्रश्नाला हमखास रडायचा.

बाई आमच्या शाळेत भूगोल शिकवत. मी चित्रकला, म्हणजे साठ पोरांकडून एकच माड साठ वेळा काढून घेत असे. त्याचं फळ असं की बाईंनी जगाचे नैसर्गिक प्रदेश काढायला सांगितले, तर नववीने थेट टुंड्रात माड उभा केला.

"मेल्यांनो, बर्फात माड? खोड तडकेल की रे त्याचं!" बाई गरजल्या. पण चित्र फाडलं नाही. चूक पुसायची नाही, भिंतीवर टांगायची, ही त्यांची रीत.

मग त्यांनी गच्चीवर पृथ्वी मांडली. रंगाच्या चार रिकाम्या बादल्या, माती एकच, बीसुद्धा एकच. एकीला रोज पाणी, एकीला आठवड्यातून एकदा, एकीला मुळीच नाही. चौथी मासळीबाजारातल्या बर्फात. वर्षावन इतकं माजलं की आमचा शिपाई त्यात तीन दिवस हरवला होता. मी शपथेवर सांगतो. टुंड्राला मात्र बोंबलाचा वास यायचा.

मुख्याध्यापक वैतागले. "बाई, परवा तपासणी आहे. वर्ग नापास झाला तर भूगोल बंद, गच्चीची किल्लीही परत. तुम्ही शारीरिक शिक्षण घ्या." बाईंचे दोन्ही गुडघे तेव्हा संपावर होते.

तपासणीचे साहेब आले आणि पहिली नजर टुंड्रातल्या माडावर. "हे शिकवता?"

मी तर फळ्यामागे लपायची जागा शोधत होतो. इतक्यात खारी गावची सुगंधा उठली. "सर, ती आमची चूक हाय. इसरू नये म्हनून टांगलीय."

"असं? मग सांग, समुद्रापासून लांबच्या एका मुलखात काय उगवेल?"

"सर, ऊन किती?"

साहेब चपापले. "उन्हाळ्यात कडक. हिवाळ्यात बर्फ."

"पानी किती?"

"बेताचंच. ढग तिथवर येईतो रिकामे होतात."

"मंग रान न्हाय व्हायचं, झाडांना पुरत न्हाय. गवताला पुरंल. ते वरून सुकलं तरी खालून जितं ऱ्हातं. गवताळ प्रदेश हाय त्यो! गच्चीवरल्या बादलीत आमी बगितलंय."

साहेबांनी वही मिटली. "मुख्याध्यापक, गच्चीची किल्ली बाईंकडेच राहू द्या." वर्गाने जो जल्लोष केला, तो खाडीपलीकडच्या लोकांनीही ऐकला म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक स्वतः गच्चीवर, हातात झारी. नेमकं वाळवंटालाच पाणी घातलं! बाईंनी सगळ्या वर्गासमोर त्यांना झापलं. पण पाचव्या दिवशी त्या कोरड्याठाक बादलीत हिरवे कोंब आले. बाई पायऱ्या चढून धापा टाकत पोचल्या, बादलीपुढे उकिडव्या बसल्या, गुडघे विसरून.

"बघा रे," त्या म्हणाल्या, "वाळवंट मेलेलं नसतं. वाट बघत असतं. सरांना थँक्यू म्हणा!"