डाव्या चाकाचा बोल्ट

"तुटलेल्याला काय विचारता, तोडणाऱ्याला विचारा," असं चाचपेमामा म्हणायचा. गाडीचा आरसा फुटो, शेजाऱ्याची खुर्ची मोडो नाहीतर कुणाची सोयरीक, मामाचं म्हणणं एकच. जगात आपोआप काही मोडत नाही. मोडणारा हात कुठंतरी असतोच, आणि बहुतेक वेळा तो समोर उभ्या असलेल्या माणसाच्याच खिशात असतो.

चाचपे हे काही त्याचं आडनाव नव्हे. हाताला लागेल ते चाचपून बघायची खोड, म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. उशीसुद्धा चाचपून मगच तिच्यावर डोकं टेकवायचा. दूधवाला आला की आधी त्यालाच घोटभर प्यायला लावायचा. आपली हत्यारं कुणी बदलू नयेत म्हणून प्रत्येकावर त्यानं हिरव्या रंगाचा ठिपका दिला होता. एकदा शेजारच्या सुताराची शिडी मागून आणली, हाताच्या सवयीनं तिच्यावरही ठिपका दिला आणि परत केली. पुढं सुताराच्या भिंतीला आपल्या ठिपक्याची शिडी टेकलेली दिसली, तर त्याला चोर ठरवून भर रस्त्यात भांडून आला. लग्नाचंही तसंच. मुलीकडच्यांनी पहिल्याच भेटीत होकार दिला आणि मामा बिथरला. एवढ्या लवकर हो म्हणतात, म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय, असं म्हणून ते स्थळ सोडलं, ते पुढं दुसरं धरलंच नाही.

पण हाताला गुण होता. गंजून एकजीव झालेलं लोखंड तो असं सोडवायचा, की झोपलेल्या लेकराच्या मुठीतून खेळणं काढावं. उभ्या जन्मात त्यानं विश्वास ठेवला तो एकाच माणसावर, धाकट्या बहिणीच्या नवऱ्यावर. गेल्या वर्षी दाजी गेले. मागं राहिला त्यांचा जुना ट्रक, आणि तो चालवायला आला जावई.

बहिणीला घरात सगळे धाकटीच म्हणत. लेक आणि जावई तिच्याजवळच राहत होते, आणि चूल पेटत होती ती त्या ट्रकवर. जावई कामाला वाघ, बोलायला मात्र मुका. मामाला त्याचा तो मुकेपणाच खुपायचा. बोलत नाही तो लपवतो, असं त्यानं धाकटीच्या कानात इतक्या वेळा घातलं, की हळूहळू तिलाही जावयाचा शर्ट धुवायला टाकताना खिसे उलटे करून बघायची सवय लागली. लेकीनं ते एकदा पाहिलं. त्या दिवसापासून नवऱ्याचे कपडे तिनं स्वतःच धुवायला घेतले.

अशात जावई पुढच्या डाव्या चाकाचा बोल्ट तोडून आला. वाटेत पंक्चर झालं, बाकीचे बोल्ट निघाले, एक मधेच मोडला, बुंधा आत राहिला, म्हणून उरलेल्या बोल्टांवर दुसरं चाक चढवून हळूहळू आलो, एवढंच त्यानं सांगितलं. मामानं पंक्चर बघायला मागितलं. जावयानं टायर दाखवला, त्यात खिळा होता. खिळा काय, कुणीही ठोकतं, असं म्हणून मामानं टायर बाजूला लोटला. त्याचा हिशेब ठरलेला होता. जावयानं कुणाचा तरी चोरटा माल भरला असणार, गाडी दबली असणार, आणि आता बोल्टाच्या नावानं बोंब.

धाकटी मामाच्या गॅरेजच्या दाराशी उलट्या डब्यावर बसून होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सिमेंटचा व्यापारी ट्रक बघायला यायचा होता. जावयाच्या हातात गाडी ठेवायची की विकून टाकायची, हे आज ह्या डब्यावरून उठण्याआधी तिला ठरवायचं होतं. आणि ठरवणार होती ती भावाच्या तोंडाकडं बघून.

मामानं चाक काढलं. हबच्या, म्हणजे चाक बसतं त्या लोखंडी तबकडीच्या, भोकात मोडका बुंधा गंजून तांबडा पडला होता. त्यानं त्यावर बोट फिरवलं आणि जावयाकडं न बघताच विचारलं, "जावईबापू, फिरवला कुठल्या अंगानं होता?"

"उलट्याच अंगानं, मामा. डाव्या चाकाचं माहीत आहे मला."

मामा गालात हसला आणि बहिणीला समजावून सांगू लागला. ह्या जुन्या गाडीच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात. बरणीचं झाकण सगळं जग ज्या अंगानं आवळतं, त्या अंगानं हे बोल्ट सुटतात. ज्याला ते ठाऊक नाही, तो सोडवायला म्हणून जोर लावतो आणि बोल्ट आवळत आवळत मोडतो. तुझा जावई म्हणतो उलटा फिरवला. मग मोडला कसा? अडाणी आहे म्हणावं तर खोटारडा निघतो, आणि खोटारडा नाही म्हणावं तर अडाणी. दोन्हीकडून गाडी द्यायच्या लायकीचा नाही.

जावयानं गंज होता एवढं म्हटलं आणि मान खाली घातली. धाकटीला ती खाली गेलेली मान आवडली नाही. खरं बोलणारा माणूस मान वर ठेवतो, असं तिच्या मनात आलं, आणि मग हे वाक्य आपलं की दादाचं, हेच तिला कळेना.

मामा कामाला लागला. बुंध्यावर डिझेल सोडलं, ते मुरू दिलं. मग एक नट बुंध्याच्या तोंडावर धरून वेल्डिंगनं चिकटवला, जरा निवला तसा पाना लावला आणि झाकण आवळतात त्या अंगानं जोर दिला. मानेच्या शिरा फुगल्या. कडकन आवाज झाला आणि नट पान्यासकट हातात आला. बुंधा जिथल्या तिथं. मामानं जावयाकडं असं पाहिलं, की जणू आत बसून त्यानंच तो धरून ठेवला होता.

दुसऱ्यांदा त्यानं घाई केली नाही. हब तापवला, कडेनं मेणबत्तीचं मेण टेकवलं. मेण पातळ होऊन आट्यांत ओढलं गेलं, बारीक धूर निघाला. मग छिन्नी कडेला टेकवून हातोडीनं हलके ठोके देऊ लागला, एकदा ह्या अंगानं, एकदा त्या. अडलेल्या लोखंडाला पुढं-मागं डोलवायचं, ही त्याची रीत. नुसतं एकाच बाजूला ओढत राहिलं तर लोखंडही हट्टाला पेटतं, असं तो सांगायचा.

ठोके चालले होते आणि मधेच थांबले. धाकटीनं मान वर केली. मामा हबसमोर उकिडवा बसून होता, छिन्नी हातात तशीच. त्यानं बोटाचं टोक बुंध्यावर ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मग जागचा थोडा सरकला. आतापर्यंत त्याची कूस दाराकडं होती, आता पाठ आली. जावयाला त्यानं पाणी आणायला पिटाळलं. एवढ्या वेळात मामाला तहान लागली नव्हती.

धाकटीला पाठीआड काय चाललंय ते दिसत नव्हतं, पण कोपर दिसत होतं. ते कोपर बरणीचं झाकण उघडताना हलतं तसं हलत होतं. आवळताना नव्हे, उघडताना. ती डब्यावरून उठली.

ती जवळ पोचेपर्यंत बुंधा बाहेर आला होता, आणि मामानं तो फडक्यात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात टाकला होता.

जावई तांब्या घेऊन आला. निघाला का, असं त्यानं विचारलं. मामा म्हणाला, निघाला, भंगार होतं, भंगारात टाकतो. धाकटी भावाच्या खिशाकडं बघत राहिली. जावयाचे खिसे ती आपल्या हातानं उलटे करत आली होती. भावाच्या खिशाकडं बघायची वेळ जन्मात पहिल्यांदा आली.

"दादा, खिशातलं दाखव."

"काय बघायचंय त्यात? गंज आहे."

"गंजच बघायचाय. तू कुठल्या अंगानं काढलास तो?"

मामानं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. धाकटीनं तळहात पुढं केला होता, तो तिनं मागं घेतला नाही. शेवटी फडकं तिच्या हातावर आलं. तिनं ते उलगडून बुंधा जावयापुढं धरला. जावयानं आट्यांवर नख फिरवलं, उजव्या चाकाचा एक बोल्ट काढून आणला, दोन्ही शेजारी धरले. दोन्हींचे आटे एकाच बाजूला चढत होते. डाव्या चाकात सरळ आट्याचा बोल्ट बसला होता. जावयाला डाव्या चाकाची रीत ठाऊक होती, म्हणूनच तो बोल्ट सुटायच्या ऐवजी आवळला जाऊन त्याच्या हातून मोडला.

"हे भोक मीच नव्यानं पाडलंय," मामा जमिनीकडं बघत म्हणाला. दाजी असताना आतले आटे झिजून मेले होते, उलटे आटे पाडायचं हत्यार त्या दिवशी मिळालं नाही, आणि माल वाटेत अडकलेला. तेवढ्यापुरतं म्हणून सरळ आटे पाडून दिले, आणि आज बुंधा सरळ अंगानं हलला, तो बोटाला लागेपर्यंत पार विसरून गेलो.

"मग जावयांना का नाही सांगितलंस?"

"दाजींना सांगितलं होतं."

"ते गेले, दादा."

मामानं छिन्नी पुसायला घेतली. पुसलेलीच होती, पुन्हा पुसली. "ह्यांनी गाडी हातात घेतली तेव्हा आठवत होतं, पण सांगावंसं वाटलं नाही," तो म्हणाला. "माणसाला गाडीचं मर्म सांगितलं की तो उद्या आपल्यालाच शिकवायला येतो."

 धाकटीला वाटलं, आता जावई बोलेल, इतक्या दिवसांचं एकदम काढेल. पण तो हबपाशी बसला आणि तारेच्या ब्रशनं भोकातला गंज झाडू लागला. त्या पाठीकडं बघताना तिला लेक आठवली, आणि नवऱ्याचे कपडे ती आपल्या हातून काढून घेऊ लागली तेही. तिनं भावाला सांगितलं की सकाळी व्यापारी आला, तर गाडी विकायची नाही असं मी त्याला दारातूनच सांगेन. आणि जावयाला म्हणाली, "किल्ली आता तुमच्याजवळच ठेवा. रोज माझ्याकडं मागायची नाही."

मामानं ते ऐकलं. तो उठला, गुडघे झाडले आणि जावयाच्या शेजारी जाऊन उभा राहिला. "ह्या एका भोकाला सरळ आटा," तो म्हणाला. "बाकी सगळे उलटे. आणि मागच्या डाव्या चाकाचं आतलं वॉशर मी घासून बसवलंय, तिथंही फार आवळू नका." जावयानं मान वर केली आणि हो म्हटलं.

मग मामानं पायात चपला सरकवल्या. नवा बोल्ट मीच आणतो म्हणाला, दुकानदार मऊ लोखंड गळ्यात मारतो, दुसरं कुणी गेलं तर फसेल. बाहेर ऊन कलायला लागलं होतं. एका खांद्यानं जरा झुकून, भिंतीच्या कडेकडेनं तो निघाला. सुताराच्या दारापाशी त्याची चाल मंदावली, पण तो आत वळला नाही, तसाच पुढं गेला. सुतार रंधा हातात धरून बघत होता. धाकटी दारात उभी होती. गॅरेज, हत्यारं, सगळं त्यानं जावयावर सोडलं होतं, आणि एकदाही मागं वळून पाहिलं नव्हतं. तो कोपऱ्यावरून दिसेनासा झाला तरी ती तिथंच होती, आणि तिच्या पाठीमागं ब्रशचा खरखर आवाज चालू होता.