ऑनर्सला नाव दिलं ते वर्ष

माझ्या पदवीपुढे ऑनर्स लागलेलं आहे आणि लोक ते अजूनही कौतुकानं वाचतात. वाचोत बिचारे. मला मात्र ती अक्षरं दिसली की आपल्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

मध्यप्रांत-वऱ्हाडचे दिवस होते. मी नागपुरात इंजिनियरिंग शिकत होतो आणि घर इकडे वडनेर भोलजीला. घरी माय, अर्धांगवायूनं एक बाजू लुळी पडलेले बाबा आणि माझ्याहून चार वर्षांनी मोठा दादा. शेत अंगावर पडलं म्हणून दादाची शाळा चौथीतच सुटली. पण खरं सांगू का, आमच्या घरातला इंजिनियर तोच. कापसाची गाडी घेऊन नांदुऱ्याच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, गेला की बैल सोडून हा आधी इंजिनापाशी. नुसता आवाज ऐकून म्हणायचा, "पट्टा ढिला हाय." आणि पट्टा ढिला असायचाच! मला तीन वर्षं पुस्तकं घोकूनही ते कधी जमलं नाही.

त्या उन्हाळ्यात जिनाच्या मिस्त्रीनं त्याला हाताखाली घ्यायचं कबूल केलं. पावसाळ्यात जिन बंद असतं, मशिनं खोलून साफ करतात. तेव्हापासून लाग म्हणाला. दादा नुसता हवेत होता. अडचण एकच, डवरणी-निंदणीच्या दिवसांत घरचं माणूस शेतात नको? म्हणून ठरलं की माझं तिसरं वर्ष संपलं की मी घरी यायचं, शेत सांभाळायचं आणि दादानं जिनात जायचं. ठरवलं कुणी? मीच. मोठ्या तोंडानं.

निकाल सोमवारी लागला. पहिल्या वर्गात आलो. लगेच घरी कार्ड लिहिलं की पास झालो, तब्येत ठणठणीत आहे, काळजी नसावी. जागा संपली म्हणून खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात घुसवलं, 'चार दिवसांत येतो, दादानं मिस्त्रीला होकार द्यावा.' कार्ड खिशात घालून टपालपेटीकडे निघालो तर वाटेत आमच्या प्रोफेसरांनी हाक मारली. ऑनर्सला दोनच मुलं घेणार होते, आणखी एक वर्षाचा अभ्यास होता, आणि त्या दोघांत माझं नाव होतं. "असाच गेलास तर ओव्हरसियर होशील," ते म्हणाले, "हे केलंस तर इंजिनियर. सही करून ठेव. नकोच वाटलं तर शनिवारपर्यंत नाव मागे घेता येईल."

विचार कसला करतो! तासाभरात सही करून मोकळा झालो. मग खिशातलं कार्ड आठवलं. नवं लिहायचं तर 'येत नाही' असं लिहावं लागलं असतं आणि तेवढी छाती माझ्यात नव्हती. तेव्हा या दीडशहाण्यानं काय करावं? तो खालचा कोपराच फाडून टाकला आणि उरलेलं कार्ड पेटीत सोडलं. खोटं तर काही लिहिलं नाही ना, अशी मनाची समजूत घातली.

अरे पण, कोपरा फाटलेलं कार्ड आपल्याकडे केव्हा येतं? कोणी मेलं म्हणजे! शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. मलाही होतंच, पण त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात ऑनर्सशिवाय दुसरं काही शिरतच नव्हतं.

कार्ड घरी पोचलं तेव्हा दादा शेतात होता. मायला अक्षर येत नव्हतं, पण फाटका कोपरा कळायला अक्षर कशाला यावं लागतं? आणि नागपुरात आमचं माझ्याशिवाय होतं कोण? असलं पत्र घरात ठेवत नाहीत. तिनं ते फाडून चुलीत घातलं आणि हंबरडा फोडला. दादा आला तेव्हा आळीतल्या बाया जमल्या होत्या, बाबांना सुतकाची आंघोळ घालून झाली होती आणि वाचायला कार्डाचा कपटाही उरला नव्हता. तो तशाच चिखलाच्या पायांनी नांदुऱ्याला गेला आणि नागपूरची गाडी धरली.

शुक्रवारी दुपारी मी वसतिगृहाच्या पायरीवर चहा पीत बसलो होतो. फाटकातून दादा आत आला, मला पाहिलं आणि जागच्या जागी खाली बसला. "जिता हायेस बे?" एवढंच म्हणाला. मग उठून त्यानं माझ्या कानाखाली एक काढली आणि लगेच छातीशी धरलं. मला श्वास घेता येईना.

आधी घरी तार केली. जेवताना मी त्याला कोपऱ्याचं सांगितलं, ऑनर्सचंही सांगितलं.

"मिस्त्री सोमवारलोक थांबतो म्हन्ला," तो म्हणाला. "नाव काढता येते काय रे मांगं? येत असन तं चाल माह्यासंगं. नसन येत तं राह्यलं."

येतं, उद्यापर्यंत येतं, असं अगदी जिभेवर आलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "मुदत संपली."

त्यानं लगेच खरं मानलं. शिकलेल्या भावावर अविश्वास दाखवायचं त्याच्या डोक्यातही आलं नसेल.

शनिवारी सकाळी त्याला स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी यायच्या आधी मला रडू फुटलं. तो घाबरला. दुपट्ट्यानं माझं तोंड पुसत म्हणाला, "येडा हायेस काय बे? मुदतच संपली तं तुहा काय दोष? रडू नोको. जिनाचं पुढच्या साली पाहू." तेव्हा कॉलेजची कचेरी उघडी होती. मी स्टेशनवरून निघालो तो खोलीवर जाऊन झोपलो.

पुढच्या साली मिस्त्रीच्या हाताखाली दुसरा माणूस होता. दादानं जन्मभर शेतच केलं. घरात कोणी जिनाचा विषय काढला की माझ्याआधी तोच बोलायचा, "त्याचा दोष नव्हता, मुदत सरली होती." आणि मी शेजारी बसून मान हलवायचो.