केळीच्या खोक्यातला ब्लॉक

आबा मेणाचा ब्लॉक खिडकीकडे तिरका धरायचे, त्यावरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "शे अजून." म्हणजे, आत तुकडा शिल्लक आहे.

जळगावच्या ज्या लॅबमध्ये मी नोंदी ठेवते, तिथे ते टेक्निशियन होते. रोज नशिराबादहून यायचे. ऑपरेशनमध्ये काढलेला गाठीचा तुकडा मेणात बसवायचा आणि त्याचे केसाहून पातळ काप काचेवर घ्यायचे, हे त्यांचं काम. तुकडा उरावा म्हणून हात राखून काम करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

डॉक्टरांनी आणखी काप मागितले की यांचं सुरू. "बठ्ठं कापू नका, डॉक्टर."

"उरलेल्याचं लोणचं घालायचंय का, आबा?"

"मुरलं तर बरंच."

ब्लॉक यंत्रावर पुन्हा लावला की तो सरळ बसेपर्यंत चार-सहा काप वाया जातात. म्हणून ते प्रत्येक ब्लॉकच्या कडेला सुईने खूण करत. पुढच्या वेळी तो त्याच बाजूने बसावा.

मला याद्या लागतात. कपाटं भरली तेव्हा टाकून द्यायच्या ब्लॉकची यादी मीच केली. अमळनेरच्या एका मुलीच्या मेंदूतल्या गाठीच्या ब्लॉकपुढे मी 'संपला' लिहिलं. वरून नुसतं मेण दिसत होतं. आबांना विचारलं नाही. टाकायच्या ढिगातले काही ब्लॉक त्यांनी उचलून केळीच्या खोक्यात भरले. कोणते, ते मी पाहिलं नाही.

"आबा, यादी बिघडते माझी."

"बिघडू द्या, ताई."

पुढच्या वर्षी त्या मुलीचे वडील आले. गाठ पुन्हा वाढत होती आणि मुंबईच्या डॉक्टरांना सूक्ष्मदर्शकाखाली तिचा प्रकार ठरवता येत नव्हता. काही दुर्मिळ गाठींत दोन वेगळी जनुकं तुटून एकमेकांना जोडली जातात. कोणती जोडली गेली ते कळलं तर गाठीचं नाव ठरतं, कधी औषधही. तपासणीला जुना तुकडा हवा होता. गाठ खोल होती. नवा तुकडा काढणं धोक्याचं होतं.

मी यादी उघडली. 'संपला'. अक्षर माझंच. त्या माणसाकडे बघवेना.

आबा खोकं घेऊन आले, नंबर जुळवून ब्लॉक काढला, अंगठा फिरवला. "शे अजून."

ब्लॉक मुंबईला गेला आणि जनुकांची जोड सापडली. गाठीचं नाव बदललं, किमो थांबून गोळ्या सुरू झाल्या. मुलगी शाळेत जाते. तीन-तीन महिन्यांनी स्कॅन असतो. वडील पेढे घेऊन आले तेव्हा आबा एवढंच म्हणाले, "ब्लॉक परत मागवा, ताई. पोरीला पुढे लागेल."

मी चार पत्रं पाठवली. ब्लॉक परत आला तेव्हा आबांना जाऊन महिना झाला होता.

मी तो खिडकीकडे तिरका धरला. अंगठा फिरवला. मला काहीच कळलं नाही. केळीच्या खोक्यात ठेवून दिला.